बत्तीस घास

मावळात ज्याच्या घरी जुनी बंदूक, त्याच्या घरी तिची एक बखरही असायचीच. कुणाच्या पणज्याला ती पेशव्यांनी बक्षीस दिलेली, तर कुणाच्या आज्यानं ती गोऱ्या साहेबाच्या हातातून हिसकावून आणलेली. लोणावळ्याच्या बाजारात बसणारा गफूर बंदूकवाला ती बखर शेवटपर्यंत ऐकून घेई. मग कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवून बंदूक उलटीसुलटी करी आणि हळूच म्हणे, "तुमचे पणजोबा खरे हो, पण ही त्यांच्यानंतर जन्मली." गिऱ्हाईक रुसून निघून जाई आणि आठ दिवसांनी दुरुस्तीला परत त्याच्याकडेच येई, कारण दुसरीकडे जाणार कुठे?

पोट काही बंदुकांवर भरत नव्हतं. बंगलेवाल्यांचे स्टोव्ह, कुलपं, छत्र्यांच्या काड्या, पडेल ते काम तो करी. पण वारशात आलेली बंदूक हातात आली की त्याचं जेवणावरचं मन उडे. नळीवरचा छाप, घोड्याची ठेवण, दस्त्याचं लाकूड, खिळ्याच्या डोक्यावरची खाच, एवढ्यावरून तो बंदुकीचं वय सांगायचा, आणि दहा वर्षांपलीकडे चुकायचा नाही. ही विद्या त्याच्या बापाची, नसीरमियाँची. बापाची एक खोड मात्र गफूरला कधी कळली नव्हती. दुरुस्त केलेली बंदूक नसीरमियाँ स्वतः कधी उडवून बघत नसे. "तुम्हीच बघा," म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देई आणि दुकानाच्या मागं जाऊन कानात बोटं घालून बसे. म्हातारा गेला त्याला आता सतरा वर्षं झाली होती.

एकोणीसशे अडतीस सालचा भाद्रपद. पितरांचा पंधरवडा लागला होता आणि धुकं असं दाटलं होतं की समोरच्या वाण्यानं भरदुपारी कंदील लावला होता. त्या धुक्यातून एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब तिनं तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलेलं.

"गफूरभाऊ तुमीच न्हवं? नसीरमियाँचं ल्योक?"

"हो, मीच. बसा."

"मी तिकोना पेठंची मुक्ता. दत्तोबाची घरवाली." तिनं घोंगडी सोडली. "पोलीस पाटलाची चिठ्ठी हाय संगं. ही तीच बंदूक."

"तीच" म्हणजे कुठली हे गफूरला विचारावं लागलं नाही. आठव्या वर्षापर्यंत तो त्याच गावात वाढला होता. तेहतीस वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका पहाटेनंतर, धुई अजून विरली नव्हती तेव्हा, गडाखालच्या रानात डुकरं उठवली होती. त्या धुईत हौशीराम नावाच्या माणसाच्या बारानं त्याचाच पाठचा भाऊ गेणू मेला. सरकारदरबारी अपघात म्हणून नोंद झाली, पण भावकीनं हौशीरामाला पंगतीतून उठवलं ते कायमचं. तेव्हापासून तो गडाच्या पायथ्याला खोपटात एकटा राहत होता. गेणूचा पोरगा दत्तोबा आता घरचा कर्ता होता, आणि मुक्ताबाई त्याची बायको, म्हणजे मेलेल्या गेणूचीच सून.

"चुलतसासऱ्यांनी, आबांनी आता हातरूण धरलंय," ती म्हणाली. "चार-आठ दिसांचं काय ते. धनी म्हनत्यात, बापाच्या मारेकऱ्याच्या तोंडात घरचं कुनी पानी घालायचं न्हाई. पन परवा मी भाकर घिऊन गेलते, तवा तापात आबा बरळत व्हतं. 'नुसती टोपी फुटली गं, बार उडालाच न्हाई.' धा येळा म्हनलं. सुद्दीवर आल्यावर मी इचारलं, तर माज्यावरच खेकसलं."

"मग तापातलं बोलणं ते. मी काय करू?"

"ही बंदूक आखरीला कवा उडाली, त्ये सांगा."

मुक्ताबाईनं नजर खाली केली, पण शब्द गिळले नाहीत. "रानात बंदुका दोनच व्हत्या, भाऊ. एक ही. दुसरी कुनाची, त्ये तुमालाबी ठावं हाय. धनी म्हनलं, बंदूकवाल्याच्या पोरानं सोताच्या तोंडानं सांगितलं, तरच मी मानीन. खोटंच सांगायचं असंल तर आत्ताच तसं म्हना. मी म्हागारी जाते."

गफूरच्या कानशिलात रक्त चढलं. "माझ्या बापाचं नाव काढायला पितरांचाच पंधरवडा सापडला का तुम्हाला?" तो ओरडला. शिवीगाळ ऐकायची तयारी करूनच ती सात-आठ कोस चालत आली होती. शेवटी त्यानं हात पुढं केला आणि बंदूक घेतली.

हात मात्र आपोआप कामाला लागले. बंदूक ठासणीची, एकनळी. नळीवर विलायती छाप, अर्धा घासून गेलेला. घोड्याशेजारी दोन भोकं पितळेनं बुजवलेली, म्हणजे मूळची ही चकमकीची, पुढं कुणीतरी तिला टोपीची करून घेतलेली. दस्ता नंतरचा, शिसवी. "शंभर-सव्वाशे वर्षांची आहे," तो सवयीनं बोलून गेला. मग त्यानं घोडा उचलला. खाली तांब्याची टोपी होती, घोड्याच्या ठोक्यानं फुटून आतल्या दारूला आग देते ती; फाटून हिरवी पडलेली.

"टोपी फुटलेली आहे," तो म्हणाला. आपल्या आवाजात सुटका ऐकून त्याची त्यालाच लाज वाटली.

"त्ये तर आबाबी म्हनत्यात. टोपी फुटली."

त्यानं गज उचलून नळीत सोडला. हातभर नळीत गज चार बोटंसुद्धा गेला नाही. गफूरनं पुन्हा घालून पाहिला. नळी गळ्यापर्यंत भरलेली होती. आयुष्यात त्यानं पाचशे बंदुका पाहिल्या असतील, पण असली एकही पाहिली नव्हती.

"घास हायेत त्ये," मुक्ताबाई म्हणाली. मग तिनं सांगितलं. गेणू गेला त्यानंतरच्या दसऱ्याला शस्त्रं पुजताना सासऱ्याची आई म्हणाली होती, हिनं घरचं रगत चाखलंय, हिला उपाशी ठेवली तर ही पुन्हा मागेल. तेव्हापासून दर दसऱ्याला चिमूटभर दारू आणि नव्या पागोट्याची एक पट्टी हिच्या तोंडात ठासायची. उडवायची मात्र कुणाची छाती नाही. देवघराच्या भिंतीला ती टांगलेली असे, आणि अवसेच्या आगंमागं तिच्यातून टोपी फुटल्यासारखा आवाज येई. चट, एवढाच. घरातली पोरं तेवढ्यानं मुतायची.

बंदूक ठेवून ती त्याच पावली धुक्यात परत गेली. गफूरची बायको अजीजुन्निसा आतून सगळं ऐकत होती. "ही अवदसा घरात घ्यायची नाही," तिनं बजावलं. म्हणून त्यानं ती मागच्या पत्र्याच्या पडवीत नेली, तोंड दगडी भिंतीकडं करून शिकंज्यात आवळली आणि नळीत गोडंतेल सोडलं. एवढी दारू एकावर एक बसलेली. एक ठिणगी पडली असती तर गफूरचं नाव सांगायला माणूस राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टोकाला मळसूत असलेला गज घेतला आणि अल्लाचं नाव घेऊन पहिला घास उपसला. गुलाबी पट्टी निघाली, गेल्या दसऱ्याची. तिच्यामागं तेलात भिजलेली काळी चिमूटभर दारू. मग पिवळी पट्टी, मग लाल. प्रत्येक पट्टी तो फळीवर ओळीनं मांडत गेला. एकेक साल मागं जात होतं, आणि त्याला वाटू लागलं की आपण बंदूक उपसत नाही, विहिरीत उतरतोय. धुकं पडवीत आलं होतं. नळीतून वास येत होता तो जुन्या दारूचा असायला हवा होता. येत होता तो ओल्या पाचोळ्याचा आणि ताज्या बाराचा.

विसावी पट्टी पांढरी निघाली. कोरं मांजरपाट. गफूरनं बोटांवर साल मोजलं आणि त्याचा हात थबकला. एन्फ्लुएंझाच्या साथीचं साल. त्या दसऱ्याला नवं पागोटं कुणाला सुचणार होतं? घरात नवं कापड फाडलं गेलं असेल ते एकाच कामासाठी, आणि त्यातूनच उरलेली चिंधी बंदुकीच्या वाट्याला आली होती.

ती पट्टी फळीवर ठेवतो न ठेवतो तोच आवाज आला. चट.

फुटकी टोपी त्यानं आदल्या दिवशीच काढून बशीत ठेवली होती. घोडा बसलेला होता. त्यानं शिकंजा पाहिला, बशी पाहिली, पत्र्याकडं पाहिलं. चुलीत लाकूड तडकलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चूल त्या दिवशी अजून पेटायची होती.

भीती त्याला वाटली, आणि चांगलीच वाटली. काम टाकून तो दुकानात जाऊन बसला, एक स्टोव्ह उघडला, तसाच बंद केला, आणि पुन्हा पडवीत आला. अर्धवट उपसलेली नळी तशी सोडवेना. तिसऱ्या प्रहरी बत्तिसावी पट्टी हाताशी आली. मूळचा रंग कळत नव्हता, कारण ती वाळलेल्या डागानं कडक झाली होती. पहिला घास गेणूच्या स्वतःच्या पागोट्याचा दिलेला होता.

आता खाली रिकामी, काजळी धरलेली नळी लागायला हवी होती. बार उडाला असता तर तसंच असतं. पण गज शिशावर आपटला. गफूरनं नळी उलटी करून हलकेच ठोकली तशी तळहातावर एक गोळी पडली, जशीच्या तशी. तिच्यामागं घोंगडीची गोल चकती, आणि चकतीमागं मापानं भरलेली सबंध दारू, डुकरासाठी भरावी तेवढी.

चकतीच्या काठाला एक खाच होती. ती पाहताच गफूरनं हत्यारांच्या पेटीकडं बघितलं. असल्या चकत्या पाडायचा त्याच्या बापाचा ठसा कडेला तुटका होता. तो ठसा याच पडवीत हत्यारांच्या पेटीत होता आणि गफूर अजून तोच वापरत होता. म्हणजे त्या सकाळी ही बंदूक नसीरमियाँनीच ठासून दिली होती, आणि ते ठासलेलं तसंच आत राहिलं होतं.

एक शंका उरली. पुढं कधी कुणी मुद्दाम भरून ठेवली असेल तर? त्यानं टोपी बसते ती बोंडी मळसूत फिरवून काढली. तिच्यातून आग दारूपर्यंत जायची बारीक वाट मातीनं बंद होती. कुंभारीण माशीची माती, पावसाळ्यात भोक दिसलं की ती लिंपून टाकते तशी. त्यानं सुईनं तो कण अख्खा बाहेर काढला आणि उजेडात धरला. टोपीकडची बाजू भाजून काळी झाली होती. दारूकडची बाजू कच्ची, तांबडी. टोपी फुटली, आग मातीला अडली, आणि बार उडालाच नाही. ठासण्याआधी एक टोपी नुसती फोडून वाट मोकळी आहे का ते बघायचं असतं, हे नसीरमियाँ पोराला शंभर वेळा सांगत. त्या दिवशी ते विसरले होते.

बंदुका दोनच होत्या. हिनं मारलं नाही. मग गेणूला कुणी मारलं ते सांगायला गफूरला चष्मा लागत नव्हता.

अजीजुन्निसानं त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली. "तुमच्याशिवाय हे वाचणारा पुण्यापर्यंत कुणी नाही. म्हणा, उडालेली होती. म्हातारा आज ना उद्या जाईल. आपल्या दोन पोरी उजवायच्या आहेत, आणि तुमच्या अब्बांना आता कबरीतून उठवून काय मिळायचं?"

ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणून तर गफूर चिडला. चुकीचं बोलली असती तर सोपं होतं. दोन दिवस तो ते मातीचं कणभर ढेकूळ काडेपेटीत घालून खिशात घेऊन फिरला. बापाबद्दल त्याला राग आला, मग कीव आली, मग बापापेक्षा स्वतःचाच राग आला, कारण दर तासाला तो एकच हिशेब करत होता, की म्हातारा मरायला किती वेळ घेईल. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला जाणवलं, आपण एका माणसाच्या मरणाची वाट बघतोय. तो उठला, बंदूक आणि चिंध्यांचं गाठोडं घेतलं आणि निघाला.

दुधिवऱ्याच्या खिंडीत धुकं इतकं होतं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. मागून कुणीतरी चालत होतं. गफूर थांबला की तेही थांबे. एकदा खोकला आला, कोरडा, दोन ठसक्यांचा. तसा खोकला त्यानं सतरा वर्षांत ऐकला नव्हता. रानात मागं वळून बघू नये म्हणतात. गफूरनं दोनदा बघितलं. धुक्याशिवाय काही नव्हतं. "चला मग," तो मोठ्यानं म्हणाला, "दोघंही जाऊ." त्यानंतर पावलं पायथ्यापर्यंत सोबत आली.

हौशीरामाच्या खोपटाबाहेर दत्तोबा बसला होता, आणि भावकीतले चारजण. आत कुणी गेलं नव्हतं. दाराशी तेवढी मुक्ताबाई होती, तांब्या घेऊन. आतल्या अंधारात म्हाताऱ्याचा श्वास करवतीसारखा ओढत होता.

गफूरनं पट्ट्या जमिनीवर मांडल्या. दत्तोबानं त्या ओळखल्या. शेवटच्या डागाळलेल्या पट्टीपाशी त्याचा हात गेला आणि मागं आला. मग गफूरनं गोळी ठेवली, चकती ठेवली, आणि काडेपेटी उघडून मातीचा कण दाखवला, काळी बाजू आणि तांबडी बाजू. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "ही बंदूक त्या दिवशी उडाली नाही. त्याच्यानंतरही कधीच उडाली नाही."

"मग माज्या बापाला मारलं कुनी?" दत्तोबानं विचारलं. त्यालाही उत्तर ठाऊक होतं. तरी त्याला ते ऐकायचं होतं.

"माझ्या बापानं," गफूर म्हणाला.

भावकीतल्या एकानं कुऱ्हाडीवर हात ठेवला होता, तो तिथंच राहिला. तेवढ्यात आतून आवाज आला, अगदी शुद्धीतला. "खोटं बोलतूय त्यो. म्याच मारला."

"आबा," मुक्ताबाई कळवळून म्हणाली, "आता तरी..."

"गप." म्हातारा धापा टाकत एकेक शब्द काढत होता. "त्याचा बाप बंदूक उचलंना. म्हनला, धुईत दिसंना, मानूस बी असंल. म्याच म्हनलं, मार रं, डुक्करच हाय त्ये. माजी टोपी फुटली, त्याचा बार उडाला. बार त्याचा, पन सांगनारा मी. मंग मारला कुनी?"

मग तो पुढं म्हणाला, "गावात मुसलमानाचं त्याचं येकच घर. चार कच्चीबच्ची. भावकीनं त्या दिशी त्याला जित्ता सोडला नसता. म्या म्हनलं, तू जा. त्यो जात न्हवता. पाय धरून बसला व्हता. लय रडला."

चार कच्चीबच्ची. त्यातला एक गफूर होता. तेहतीस वर्षं तो लोणावळ्यात जेवला, शाळेत गेला, लग्न केलं, पोरी वाढवल्या, आणि ते सगळं या खोपटातल्या माणसानं उपाशी, एकटं राहून त्याला दिलं होतं. गफूरला हुंदका आवरेना आणि त्यानं आवरलाही नाही.

मुक्ताबाईनं तांब्या दत्तोबापुढं धरला. दत्तोबा त्या तांब्याकडं बघत राहिला. त्याचा हात उठेना. दहा वर्षांचा असल्यापासून ज्या माणसाचा त्यानं द्वेष केला, तो निरपराध निघाला की दुप्पट अपराधी, हे त्याला तिथल्या तिथं कसं ठरवता यावं?

"त्याला बसू दे," आतून म्हातारा म्हणाला. "नसीरच्या पोरा, तू ये. तू पाज."

भावकीत कुजबुज झाली. मराठ्याच्या घरात मरणाचं पाणी मुसलमानाच्या हातचं? गफूरनं दत्तोबाकडं पाहिलं. दत्तोबा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. गफूरनं मुक्ताबाईच्या हातातून तांब्या घेतला, वाकून आत गेला आणि म्हाताऱ्याची मान मांडीवर घेऊन एक घोट त्याच्या ओठांत सोडला. तो गळ्याखाली उतरायला वेळ लागला.

मग दारात अंधार झाला. दत्तोबा आत आला होता. तो गफूरशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्यानं गफूरच्या हातातला तांब्या, तो तसाच, न विसळता, न बदलता घेतला. अर्धं पाणी म्हाताऱ्याच्या दाढीवर सांडलं.

"चुलता हाय माजा," तो गफूरला म्हणाला, जणू गफूरला ते ठाऊकच नव्हतं. आणि त्यानं दुसरा घोट पाजला.